श्यान द्रवाची पटले व वंगणक्रिया : इतिहास

दोन समांतर किंवा जवळजवळ समांतर पृष्ठभागांमध्ये सापडलेला श्यान (प्रवाहास अंतर्गत विरोध करणारा) द्रव दाबला गेला असता तो कडांकडून बाहेर पडू लागतो. परंतु फट जसजशी अरुंद होत जाते तसतसा द्रवाचा बाहेर पडण्याचा मार्गही अरुंद होतो. त्यामुळे द्रवाच्या पटलात दाब निर्माण होतो आणि ते पटल वरच्या पृष्ठभागावरील भार काही काळ तोलून धरते. या आविष्कारास दाबपटल क्रिया म्हणता येईल. यंत्रांतील धारव्यांचे (फिरत्या दंडास आधार देणाऱ्या भागांचे) वंगण, भिजलेल्या काचांचे एकमेकींस चिकटणे, मानवी सांध्यांची हालचाल आणि रबरासारख्या पदार्थांच्या चाचण्या या वरवर भिन्न वाटणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी हीच क्रिया आहे.

घरगुती अनुभवातही ती आढळते. पुरी दाबण्याच्या यंत्रात कणकेची लाटी ठेवून दांडा खाली आणला म्हणजे लाटी प्रथम सहज पसरते. ती पातळ झाल्यावर मात्र तेवढाच जोर पुरत नाही. तेलाचे उदाहरण घेतल्यास हिशेब अधिक नेमका करता येतो. १० सेंमी. व्यासाच्या दोन सपाट काचेच्या तबकड्यांमध्ये ०·१ मिमी. जाडीचे एरंडेलाचे पटल असून वरच्या तबकडीवर एकूण १ किग्रॅ. भार आहे असे मानू. नेहमीच्या तपमानास (सु. २५° से.) हे पटल निम्मे, म्हणजे ०·०५ मिमी. जाडीचे होण्यास सु. ५ मिनिटे लागतात. तेलाऐवजी पाणी असते, तर हेच काम अर्ध्या सेकंदाच्या आत झाले असते, कारण एरंडेलाची श्यानता पाण्याच्या सु. ७०० पट आहे. परंतु एरंडेलाचे तेच पटल ०·०५ मिमी.पासून ०·००५ मिमी.पर्यंत पातळ करावयाचे झाल्यास अकरा तासांहून अधिक काळ थांबावे लागेल. गणिती दृष्ट्या, पृष्ठभाग पूर्णपणे सपाट असतील तर, ते एकमेकांस कधीच टेकणार नाहीत. प्रत्यक्षात प्रत्येक पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत असल्याने त्याची शिखरे अखेर पटल भेदतात. यंत्रांची झीज होते ती नेमकी तेथेच.

गुळगुळीत घासलेले संगमरवराचे किंवा काचेचे दोन पट्ट एकावर एक ठेवले असता ते बाजूला सरकवता येतात, पण सरळ वर उचलून वेगळे करणे कठीण जाते, ही गोष्ट गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात चर्चिली आहे. निसर्गाला पोकळीचा तिटकारा असतो या जुन्या कल्पनेच्या चौकटीतच त्यांनी तिचे स्पष्टीकरण शोधले. द्रवाच्या श्यानतेविषयी पहिले उपयुक्त गृहीत आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडले. द्रवाचे लगतचे थर निरनिराळ्या वेगांनी सरकत असताना त्यांच्यातील रोध हा वेगातील फरकाच्या प्रमाणात असतो, हे ते गृहीत होय. त्यानंतर दीडशे वर्षे या विषयाकडे फारसे कोणी वळले नाही. केशनलिकांतील रक्तप्रवाहाचे कुतूहल असलेले फ्रेंच वैद्य झां लेओनार मारी प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवांची अत्यंत काळजीपूर्वक मोजमापे केली, तर सी. एल. एम. एच. नाव्ह्ये (१८२२) व जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स (१८४५) यांनी श्यान द्रवाच्या गतीची सर्वसाधारण समीकरणे मिळविली. ही समीकरणे सोडविणे सामान्यतः अत्यंत दुष्कर असते. पातळ पटल हा त्यांतील एक सुदैवी अपवाद आहे. पटलाची जाडी त्याच्या लांबी-रुंदीच्या मानाने नगण्य असल्याने समीकरणातील बहुतेक पदे गळून पडतात आणि उरलेले समीकरण कागद-पेन्सिलीने सुटते.

श्टेफान यांचे प्रयोग : हे प्रथम करून दाखविण्याचे श्रेय व्हिएन्ना येथील भौतिकीविज्ञ योझेफ श्टेफान (१८३५–९३) यांच्याकडे जाते. तप्त पदार्थाचे प्रारण त्याच्या निरपेक्ष तपमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते, या १८७९ च्या त्यांच्या नियमामुळे ते जगास परिचित आहेत. त्याच्या पाच वर्षे आधी केलेले हे काम मात्र त्या मानाने झाकोळले गेले. त्यांनी काचेच्या दोन सपाट पट्टांपैकी वरचा पट्ट तराजूच्या दांडीस टांगला, दोन्ही पट्ट द्रवात बुडविले आणि दुसऱ्या बाजूस वजन टाकून पट्ट ठराविक अंतराने दूर होण्यास किती वेळ लागतो ते मोजले. पट्ट खरोखर ‘चिकटलेले’ असते, तर काही एका मर्यादेपर्यंतच्या वजनाने ते मुळीच हलले नसते. प्रत्यक्षात अगदी लहान वजनानेही ते दूर होत होते, फक्त वेळ अधिक लागत होता. वजन दुप्पट केले की वेळ निम्मा होई. म्हणजे हे चिकटणे नसून, रुंदावत जाणाऱ्या फटीत कडांकडून द्रव आत येण्यास लागणारा विलंब होता. श्टेफान यांनी १८७४ च्या आपल्या निबंधास ‘भासमान आसंजन’ अशा अर्थाचे नाव दिले ते यामुळेच.

त्यांच्या सूत्रानुसार पट्टांस होणारा रोध हा श्यानतेच्या व पट्टांच्या वेगाच्या सम प्रमाणात, त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात आणि फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट केल्यास रोध सोळा पट होतो, तर फट निम्मी केल्यास आठ पट. पट्ट जवळ येत असोत वा दूर जात असोत, सूत्र तेच राहते. फक्त दूर जाताना पटलातील दाब भोवतालच्या दाबापेक्षा कमी होतो आणि एका मर्यादेपलीकडे द्रवात बुडबुडे निर्माण होऊन पटल फाटते.

बैलगाडी ते आगगाडी : श्टेफान यांच्यासमोर यंत्रे नव्हती. यंत्रांच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहणाऱ्यांची परंपरा वेगळीच आहे आणि ती बरीच जुनी आहे. विदर्भात बंडीच्या चाकाचा तुंबा लोखंडी आखावर फिरतो. त्यांच्या मधल्या फटीत वंगण घालण्याची रीत सर्वत्र होती. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या व आता शहराच्या वस्तीत मिसळून गेलेल्या बेसा यासारख्या गावांतूनही काळ्या मातीच्या वाटांनी कापूस व ज्वारी याच साधनाने वाहिली गेली. या प्रदेशात जवस विपुल पिकते, तरी जवसाचे तेल आखाला चालत नाही. हवेतील ऑक्सिजनाने ते सुकून त्याची चिवट खळ बनते. एरंडेल सुकत नाही, शिवाय ते पुष्कळ घट्ट असल्याने उभ्या गाडीच्या भाराखाली लवकर निसटत नाही. वर दिलेला तबकड्यांचा हिशेब गाडीवानाने मांडला नव्हता. निवड मात्र त्या हिशेबाला धरूनच होती.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आला. त्या काळच्या भारतीय रेल्वेमार्गांवर वंगणासाठी व दिव्यांसाठी एरंडेलाचा मोठा खप होता. आगगाडीच्या डब्याचा सर्व भार आसांच्या टोकांवर बसविलेल्या पितळी अर्धगोल तुकड्यांवर येतो. आसाच्या टोकाचा फक्त वरचा भाग या पितळेखाली असतो. खालून तेलात भिजविलेला सुताचा बोळा आसास तेल पुसत राहतो. तेल आटले, बोळा घसरला किंवा धूळ शिरली म्हणजे पटल तुटे आणि काही मिनिटांत आसपेटी तापून लाल होई. रेल्वेच्या कामगारांत ‘हॉट ॲक्सल’ या नावाने धास्तीचा असलेला प्रकार तो हाच. गाडी स्थानकात थांबताच तिच्या कडेने चालत जाऊन प्रत्येक पेटीवर हाताचा मागचा भाग लावून पाहणे हे तपासनिसाचे काम असे. तुटलेल्या आसामुळे गाडी रुळांवरून घसरण्याचा धोका असल्याने या साध्या स्पर्शावर शेकडो प्रवाशांचे जीवित अवलंबून होते.

रेल्वेच्या याच प्रश्नातून रशियात निकोलाय पाव्हलोव्हिच पेट्रॉव्ह (१८३६–१९२०) यांचे संशोधन उभे राहिले. बाकूच्या खाणींतून खनिज तेल मुबलक मिळू लागले होते आणि ते रेल्वेच्या आसपेट्यांत प्राणिज व वनस्पतिज तेलांऐवजी वापरता येईल का, असा प्रश्न होता. दंड व त्याभोवतीचे पितळ यांच्यामध्ये सर्वत्र सारख्या जाडीचे पटल आहे असे मानून त्यांनी १८८३ मध्ये घर्षणाचे सूत्र काढले. घर्षण तेलाच्या श्यानतेच्या व वेगाच्या प्रमाणात वाढते. भाराशी त्याचा संबंध नाही. कोरड्या पृष्ठभागांच्या घर्षणाविषयी जे शिकविले जाई, त्याच्या हे अगदी उलट होते. ॲल्सेसमधील एका सूतगिरणीत काम करणारे अभियंते गुस्ताव्ह आदॉल्फ इर्न यांनी १८५४ मध्येच प्रयोगांवरून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता, पण तत्कालीन विद्वत्सभांना तो पटला नव्हता. पेट्रॉव्ह यांच्या सूत्रातही एक मोठी उणीव होती. पटल सर्वत्र सारखे जाड असेल, तर ते भार कशाच्या बळावर उचलते, याचे उत्तर त्यात नव्हते.

टॉवर यांचे बूच : उत्तराचा धागा त्याच वर्षी लंडनमध्ये जवळजवळ अपघाताने हाती लागला. यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या संशोधनासाठी नेमलेल्या समितीतर्फे बीचम टॉवर (१८४५–१९०४) हे प्रयोग करीत होते. त्यांचा दंड ४ इंच (सु. १० सेंमी.) व्यासाचा असून त्याच्या वरच्या बाजूस रेल्वेच्या धर्तीचे पितळ होते व खालचा भाग तेलात बुडलेला होता. वरून तेल सोडता यावे म्हणून त्यांनी पितळाच्या मध्यभागी भोक पाडले. यंत्र सुरू केले तेव्हा तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर येऊन सांडू लागले. सांडणे थांबविण्यासाठी टॉवर यांनी भोकात बूच बसविले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. तेव्हा त्यांनी भोकास दाबमापक जोडला. दर चौ. इंचास २०० पौंड (सु. १४ किग्रॅ. दर चौ. सेंमी.) ही त्याची मर्यादाही काटा ओलांडून गेला. पितळावर बाहेरून दिलेला सरासरी भार तर याच्या निम्माच होता. पितळ दंडावर टेकलेले नसून तेलावर तरंगत होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. वंगणशास्त्राच्या इतिहासात यापेक्षा स्वस्त साधनाने लागलेला शोध दाखविणे कठीण आहे.

रेनल्ड्स यांचा सिद्धांत : मँचेस्टर येथील ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स (१८४२–१९१२) यांनी १८८६ मध्ये टॉवर यांच्या निरीक्षणांचा पूर्ण उलगडा केला. त्यांचा युक्तिवाद समजण्यास गणिताची फारशी गरज नाही. एक पट्ट स्थिर असून दुसरा त्यास समांतर सरकत आहे असे मानले, तर तो आपल्याबरोबर तेल ओढत नेतो. फट सर्वत्र सारखी असल्याने एका टोकाने जेवढे तेल आत येते तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर जाते. कोठेही दाब वाढण्याचे कारण नाही. आता फट पुढे निमुळती होत जाणारी असेल, तर आत येणारे तेल बाहेर जाणाऱ्यापेक्षा अधिक होईल. हे अशक्य असल्याने मध्ये दाब वाढतो. तो आत येणाऱ्या तेलास मागे रेटतो, बाहेर जाणाऱ्यास पुढे ढकलतो आणि दोहोंचे प्रमाण बरोबर होते. हाच दाब भार उचलतो. फिरणारा दंड पितळाच्या मध्यात न राहता किंचित एका बाजूस सरकतो व अशी पाचरीसारखी फट स्वतःच निर्माण करतो. म्हणून आगगाडीच्या आसास पाचर कोणी करून द्यावी लागत नाही.

भार उचलण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पृष्ठभाग एकमेकांकडे येणे, हेही रेनल्ड्स यांनी त्याच निबंधात स्वतंत्रपणे मांडले. पाचरीची क्रिया गतीवर अवलंबून असते, तर दाबपटलाची क्रिया वेळेवर. पहिली गती थांबताच संपते. दुसरी गती थांबल्यावरही पटल नाहीसे होईपर्यंत थोडा अवधी मिळवून देते. एंजिनातील दट्ट्या व जोडदांडा यांना सांधणारी खीळ पूर्ण फेरा घेत नाही, नुसती मागेपुढे झुलते. तिच्यात पाचर टिकत नाही. तरीही ती तगते, कारण तिच्यावरील भार वारंवार दिशा बदलतो. एका बाजूचे पटल पिळले जात असता दुसऱ्या बाजूस तेल भरून येते आणि पहिले पटल संपण्यापूर्वी भार उलटतो.

चातीचे तेल : नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एंप्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटा यांनी रिंग पद्धतीच्या चात्यांचा अवलंब केला. लँकाशरमधील पुष्कळ गिरण्या जुन्या म्यूल साच्यांनाच धरून असताना, १८८० नंतरच्या दशकात झालेला हा बदल धाडसाचा होता. व्यवस्थापन व कापसाची जवळीक यांना या गिरणीच्या यशाचे श्रेय दिले जाते व ते रास्तच आहे. परंतु रिंग चातीचा वेग शक्य झाला तो तिच्या बुडाशी असलेल्या तेलाच्या कुपीमुळे, हे सहसा सांगितले जात नाही. अमेरिकेत १८७० नंतर प्रचारात आलेल्या रॅबेथ धर्तीच्या चातीत तिचा खालचा भाग तेलाने भरलेल्या नळीत फिरतो, त्यामुळे वरचेवर तेल घालावे लागत नाही. अशा हजारो चात्या एका एंजिनावर चालतात. घर्षण श्यानतेच्या व वेगाच्या प्रमाणात असल्याने घट्ट तेल वापरल्यास एंजिनाची बरीच शक्ती सूत कातण्याऐवजी तेल घुसळण्यात खर्ची पडते. फार पातळ तेल वापरल्यास पटल तुटते. चातीवर भार थोडा व वेग प्रचंड, म्हणून तिला पातळ तेल योग्य. बंडीच्या आखावर भार मोठा व वेग अत्यल्प, म्हणून तेथे घट्ट वंगण. एकाच नियमाची ही दोन टोके नागपूरच्या एकाच रस्त्यावर, कापूस घेऊन गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या बंडीत व दारापलीकडील साच्यांत, पाहावयास मिळत होती.

कलत्या पट्ट्यांचा धारवा : रेनल्ड्स यांच्या सिद्धांतातून एक अडचण पुढे आली. दंडाच्या लांबीच्या दिशेने येणारा रेटा (उदा., जहाजाच्या पंख्याचा किंवा उभ्या जलटरबाइनाचा) तोलण्यासाठी दंडास कडी बसवून ती सपाट पृष्ठभागावर टेकविण्याची पद्धत होती. येथे दोन्ही पृष्ठभाग समांतर असल्याने सिद्धांताप्रमाणे भार तोलला जाऊ नये, आणि प्रत्यक्षातही तो जेमतेमच तोलला जाई. जहाजांत एकामागून एक अनेक कड्या बसवूनही धारवे तापत.

उपाय दोघांना स्वतंत्रपणे सुचला. मेलबर्न येथील अभियंते ए. जी. एम. मिचेल (१८७०–१९५९) यांनी रेनल्ड्स यांचे समीकरण मर्यादित रुंदीच्या पट्टासाठी सोडवून १९०५ मध्ये तो गणिताने काढला. सलग पृष्ठभागाऐवजी वेगवेगळ्या पट्ट्या वापरावयाच्या व प्रत्येक पट्टी मागील एका बिंदूवर किंवा कडेवर टेकवून तिला कलण्यास मोकळीक द्यावयाची, म्हणजे वेग, भार व तेल यांच्या मानाने पट्टी स्वतःच योग्य तेवढी कलते. अमेरिकेत ॲल्बर्ट किंग्जबरी (१८६३–१९४३) हे टॉवर व रेनल्ड्स यांच्या निबंधांच्या वाचनातून व प्रयोगशाळेतील प्रयोगांतून १८९८ मध्येच त्याच रचनेपर्यंत आले होते, पण त्यांनी ते लगेच प्रसिद्ध केले नाही. पुढे त्यांचा एकस्वाचा अर्ज मिचेल यांच्या ब्रिटिश एकस्वामुळे अडला. आपले प्रयोग आधीचे आहेत हे दाखविल्यावर १९१० मध्ये त्यांना एकस्व मिळाले. पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना नदीवरील होल्टवुड जलविद्युत् केंद्रात १९१२ मध्ये बसविलेल्या त्यांच्या धारव्यावर सु. २०० टन भार होता, आणि तो कित्येक दशके जवळजवळ न झिजता चालला. ज्या सिद्धांताला यंत्रशाळेत फारसे कोणी विचारीत नव्हते, त्याची योग्यता या दोघांमुळे सिद्ध झाली. अग्रहक्काचा वाद उकरून काढण्यात अर्थ नाही. एकाने गणित आधी केले, दुसऱ्याने धारवा.

महाराष्ट्रातील जलविद्युत् केंद्रांची वाटचाल या संदर्भात उद्बोधक आहे. टाटांच्या खोपोली येथील १९१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्रातील पेल्टन चक्रे आडव्या दंडावर होती. तेथे भार दंडाच्या आडव्या धारव्यांवर, म्हणजे आगगाडीच्या आसाप्रमाणेच येई. १९६२ मध्ये सुरू झालेल्या कोयना प्रकल्पात भूमिगत केंद्रातील दंड उभे आहेत. टरबाइन, दंड व जनित्राचा फिरणारा भाग यांचे सर्व वजन एका वर्तुळात मांडलेल्या कलत्या पट्ट्यांवर येते. पट्ट्यांवर कथिलयुक्त मऊ पांढऱ्या धातूचा थर असतो. यंत्र वेगात असताना या थरात व फिरत्या कडीत एका केसाच्या जाडीइतके किंवा त्याहूनही पातळ तेलाचे पटल असते. शेकडो टनांच्या भारास तेवढेच पुरते.

खरी कसोटी यंत्र थांबताना व सुरू होताना लागते. वेग कमी झाला की पाचरीची क्रिया क्षीण होते आणि पट्ट्यांना केवळ पिळल्या जात असलेल्या पटलाचा आधार उरतो. म्हणून यंत्रास आपोआप रेंगाळत थांबू दिले जात नाही. वेग ठराविक मर्यादेखाली येताच गतिरोधक लावून ते लवकर थांबविले जाते. यंत्र दीर्घकाळ उभे राहिले, तर तेल जवळजवळ पूर्णपणे निसटते. अशा वेळी सुरू करण्यापूर्वी सर्व फिरता भाग द्रवीय उच्चालकांनी किंचित वर उचलून पट्ट्यांखाली पुन्हा तेल येऊ देतात, किंवा पट्ट्यांतील भोकांतून मोठ्या दाबाने तेल सोडतात. टॉवर यांच्या बुचातून जो दाब बाहेर पडला, तोच येथे उलट दिशेने आत दिला जातो. नागपूरजवळील कोराडी येथे १९७४ पासून उभ्या राहिलेल्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या वाफेच्या टरबाइनांचे आडवे दंडही याच तत्त्वाने तेलावर तरंगतात. तेलाचा पुरवठा खंडित झाल्यास पांढरा धातू वितळण्यास फार वेळ लागत नाही. म्हणून मुख्य पंपाखेरीज विजेऱ्यांवर चालणारा राखीव पंप ठेवावाच लागतो.

समांतर पृष्ठभाग केवळ सरकण्याने भार उचलू शकत नाहीत, हे रेनल्ड्स यांचे विधान पुढे अगदी अबाधित राहिले असेही नाही. ब्रिटनमध्ये ए. फॉग यांनी १९४६ मध्ये दाखविले की, न कलणाऱ्या समांतर पट्ट्यांचे धारवेही मोठ्या वेगास बराच भार घेतात. तेल फटीतून जाताना तापून प्रसरण पावते व त्यामुळे पाचरीसारखा परिणाम होतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. उष्णतेने पट्ट्या स्वतःच वाकतात हेही एक कारण पुढे आले. या वादातून निष्पन्न झाले ते एवढेच की, प्रत्यक्ष यंत्रात संपूर्ण समांतर असे काही क्वचितच राहते.

हील-शॉ यांच्या काचा : लिव्हरपूल येथील प्राध्यापक एच. एस. हील-शॉ (१८५४–१९४१) यांनी १८९८ च्या सुमारास दोन काचांमधील अरुंद फटीतून ग्लिसरिनासारखा श्यान द्रव वाहविला व त्यात रंगाच्या बारीक धारा सोडल्या. फटीत ठेवलेल्या अडथळ्याभोवती या धारा ज्या वळणाने गेल्या, ती वळणे श्यानतारहित ‘आदर्श’ द्रवाच्या गणितातील प्रवाहरेषांशी तंतोतंत जुळली. अतिश्यान द्रवाने श्यानताहीन द्रवाचे चित्र काढावे हे विपरीत वाटते. वृद्ध स्टोक्स यांनी त्याची गणिती उपपत्ती लगेच दिली. फटीतील सरासरी वेग हा दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो आणि सच्छिद्र खडकातून झिरपणाऱ्या पाण्यासही हाच नियम लागू पडतो. म्हणून दोन काचांची ही रचना भूजल व खनिज तेल यांच्या अभ्यासातही उपयोगी पडली. पी. जी. सॅफमन व जी. आय. टेलर यांनी १९५८ मध्ये असे दाखविले की, काचांमधील घट्ट द्रवास पातळ द्रवाने रेटल्यास दोहोंची सीमा सरळ राहत नाही. पातळ द्रव बोटांसारख्या शाखांनी घट्ट द्रवात घुसतो. डिंक लावलेल्या दोन काचा झटकन ओढून वेगळ्या केल्यास झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते, ती याच कारणाने; तेथे पातळ द्रवाची जागा हवा घेते. १९७४ मध्ये शोध लागलेल्या मुंबई हायसारख्या क्षेत्रात तेल वर काढण्यासाठी खडकात पाणी दाबून भरतात. तेथे पाण्याची बोटे तेलाला मागे टाकून विहिरीपर्यंत पोहोचली, तर तेल खडकातच अडकून राहते. तेल जितके घट्ट, तितका हा धोका अधिक.

न्यूटन यांचे गृहीत न पाळणाऱ्या पदार्थांकडे लक्ष गेले ते प्रामुख्याने रबर उद्योगामुळे. कच्च्या रबराची लहान गोळी दोन समांतर पट्टांमध्ये ठराविक भाराखाली दाबून ठराविक वेळानंतर उरलेली जाडी मोजण्याचे उपकरण आय. विल्यम्स यांनी १९२४ मध्ये मांडले, व जे. आर. स्कॉट यांनी १९३१ मध्ये त्याची उपपत्ती दिली. कणीक, चिकणमाती यांसारखे काही पदार्थ ठराविक मर्यादेपेक्षा कमी प्रतिबलास वाहतच नाहीत. असा पदार्थ दाबला असता तो हळूहळू पातळ होत न राहता एका जाडीस येऊन थांबतो. पुरीच्या यंत्रातील लाटी व काचेखालील तेल यांतील खरा भेद हा आहे.

सर्वांत विलक्षण दाबपटल मनुष्याच्या गुडघ्यात असते. चालताना पाऊल टेकते तेव्हा सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि त्या वेळी सरकण्याचा वेग अल्प असतो. पाचरीच्या क्रियेस अनुकूल असे येथे काहीच नाही. तथापि हा भार फार थोडा वेळ टिकतो व पाऊल उचलले जाताच सांधा मोकळा होऊन द्रव परत येतो. एंजिनातील खिळीसारखीच ही स्थिती होय. सांध्यातील कूर्चा सच्छिद्र व मऊ असल्याने पटलातील द्रव केवळ कडांकडूनच नव्हे, तर कूर्चेतूनही ये-जा करतो. सच्छिद्र पट्टांमधील दाबपटलाचे गणित त्यामुळे यंत्रांइतकेच शरीरविज्ञानासाठीही महत्त्वाचे ठरले. १९७० नंतरच्या दशकात पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या गणित विभागात जे. प्रकाश व त्यांचे सहकारी एस. के. विज आणि प्रवाल सिन्हा यांनी या प्रकारच्या प्रश्नांवर लक्षणीय काम केले. निरनिराळ्या आकारांच्या सच्छिद्र पट्टांमधील पटल किती भार घेते व किती वेळात विवक्षित जाडीपर्यंत येते, याची त्यांनी १९७३ मध्ये दिलेली सूत्रे पुढील अभ्यासकांनी वारंवार आधारभूत धरली आहेत. पट्ट सच्छिद्र असल्यास द्रवाला निसटण्याची दुसरी वाट मिळते आणि पटल लवकर पातळ होते. शिवाय घन पट्टांच्या बाबतीत पृष्ठभाग टेकण्यास लागणारा काळ गणिताने अनंत येतो, तर सच्छिद्र पट्टांच्या बाबतीत तो परिमित ठरतो.